बंडीतळ ते पे अँड पार्क : जागेचे पैसे कोण देतो आणि जातात कुठं?

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. विषय आपल्या खिशाचा आहे.

मागं घरातल्या एका माणसाच्या आजारपणात मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात अकरा दिवस काढावे लागले. कोणतं शहर, कोणता दवाखाना ते सोडा. तिथल्या पाहुण्याची मोटारसायकल मिळाली म्हणून धावपळ तरी करता आली. गेटवर एक पोरगा पावतीपुस्तक घेऊन बसलेला. गाडी आत नेली की दहा रुपये. औषध आणायला बाहेर गेलो, परत आलो, पुन्हा दहा. डबा आणायला गेलो, पुन्हा दहा. रात्री रक्ताच्या पिशवीसाठी पळालो, आलो तर पुन्हा पावती. मी म्हटलं, "भाऊ, सकाळचीच पावती हाय ना माह्याजवळ." तो म्हणाला, "ते एका टायमाची हाय. मले ठेकेदाराले हिशोब द्या लागते." त्याचंही काही खोटं नव्हतं. तो बिचारा नोकरच.

अकराव्या दिवशी खिशातल्या पावत्या मोजल्या. ४३ निघाल्या. म्हणजे ४३० रुपये. रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण तिथंच सफाईचं काम करणारी एक बाई बोलता बोलता म्हणाली, "मी तं माही स्कूटी बाहेर पानठेल्याजवळ ठेवतो बावा. रोजचे दहा मले कुठून परवडन?" ते ऐकलं आणि डोक्यात किडा शिरला. पेशंटचा नातेवाईक अकरा दिवस पैसे देतो आणि सुटतो. कामावर येणाऱ्याला ते वर्षभर द्यावे लागतात. दहा रुपयांनी २६ दिवसांचे महिन्याला २६० आणि वर्षाचे ३,१२० झाले. ज्याचा पगारच आठ-नऊ हजार, त्यानं हे कुठून काढायचे?

तेव्हापासून या विषयाचं जे मिळेल ते वाचत गेलो. गाडी उभी करायचे पैसे घ्यायची पद्धत आली कुठून? पहिल्यांदा कोणी घेतले, कोणाच्या सांगण्यावरून? त्यातून बाजाराचं भलं झालं की वाटोळं? जे सापडलं ते आज सांगतो. तुम्ही म्हणाल, मुलचेऱ्यात कोण पार्किंगचे पैसे घेतो? आज कोणी घेत नाही. म्हणूनच आज बोलायला पाहिजे.

आधी आपल्याकडचं

आपल्याला वाटतं पार्किंगचे पैसे म्हणजे मोटारी आल्यावरची भानगड. तसं नाही. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा काढून बघा. कलम १२४ मध्ये ग्रामपंचायतीला कशाकशावर कर आणि फी बसवता येईल याची यादी आहे. घरपट्टी तर आहेच. त्याच यादीत सायकली आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांवरचा कर आहे. बाजार आणि आठवडी बाजारावरची फी आहे. आणि बैलगाड्या-टांगे जिथं उभे राहतात त्या तळाची फीसुद्धा आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या आजोबाची बंडी बाजाराच्या कडेला उभी राहिली तर तिचे पैसे घ्यायची सोय कायद्यानं करून ठेवली होती. पुण्याला हडपसरमध्ये 'गाडीतळ' नावाचा स्टॉप आजही आहे. आता तिथं बैल नाहीत, नाव राहिलं.

जुन्या लोकांना सायकलचा बिल्लाही आठवत असेल. नगरपालिकेच्या गावात सायकल चालवायची तर वर्षाचा कर भरून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. टॉकीजला, कोर्टाला, एसटी स्टँडला सायकल स्टँड असे. तिथला माणूस एक चिठ्ठी सायकलला अडकवायचा, दुसरी आपल्या हातात द्यायचा. त्या पैशात एक गोष्ट मात्र मिळायची, ती म्हणजे राखण. सायकल चोरीला गेली तर स्टँडवाल्याची मान पकडता यायची. आजच्या पावतीवर बारीक अक्षरात काय छापलेलं असतं ते बघा: 'गाडीची जबाबदारी मालकाची'. म्हणजे पैसे त्यांचे, जबाबदारी आपली!

आता आपल्या भागाचा विचार करा. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये. आजही जिल्ह्यात रेल्वे स्टेशन म्हटलं की वडसाच. मुलचेरा, अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या माणसाला रेल्वे म्हणजे दूरची गोष्ट. एसटी आली तर आली. म्हणून इथं काळी-पिवळी चालली, आणि कर्ज काढून का होईना घरोघरी मोटारसायकल आली. शहरातल्या माणसाला लोकल सोडून कार आणायची हौस असेल. आपल्याकडं गाडी हौसेची नाही. गाडी नसली तर तहसीलला वेळेत पोचता येत नाही, बँकेत नंबर लागत नाही, बाळंतपणाला दवाखाना गाठता येत नाही. शहरातला नियम जसाच्या तसा उचलून इथं लावता येणार नाही, याचं पहिलं कारण हे.

बाजाराची चिठ्ठी म्हणजे गरिबाचं पार्किंगच

गाड्यांचे पैसे नसले तरी जागेचे पैसे आपल्याकडं आहेतच. आठवडी बाजार डोळ्यापुढं आणा. पूर्व पाकिस्तानातून आलेली आणि साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या भागात वसवलेली बंगाली कुटुंबं भाजी आणि मच्छी घेऊन बसतात. जंगलाकडच्या गावांतून माडिया बाया मोहफूल, चारोळी, वास्ते घेऊन येतात. एकाच बाजारात मराठी, बंगाली, तेलुगू, माडिया अशा चार भाषा ऐकू येतात. आणि त्या सगळ्यांसमोर चिठ्ठी फाडणारा माणूस एकच भाषा बोलतो, "पैसे काढा."

आपल्याकडच्या बहुतेक बाजारांची वसुली ठेक्यानं जाते. वर्षाचा लिलाव होतो. जो जास्त बोली लावतो त्याला ठेका. बोलीची रक्कम त्याला भरावीच लागते, मग ती तो कुठून काढणार? पसरा मांडून बसलेल्यांकडूनच. अंबाडीच्या भाजीची जुडी दहा रुपयांना विकणाऱ्या बाईनं वीस रुपयांची चिठ्ठी घेतली, तर तिच्या दोन जुड्या गेल्या. बाजूला पिकअप लावून घाऊक कांदे विकणाऱ्यालाही बहुतेक तेवढीच, नाहीतर थोडी जास्त. त्याला ती जाणवतही नाही.

हा ठेक्याचा धंदा आजचा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती अशाच मक्त्यानं, म्हणजे इजाऱ्यानं दिल्या जायच्या. जास्त बोली त्याचा महाल. मक्तेदाराला गाव टिकलं काय नि बुडालं काय, मुदतीत पैसे वसूल करायचे एवढंच माहीत. रयत त्यात पिळून निघाली. पेशवाई गेल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या अहवालांत या पद्धतीची वर्णनं आहेत. दोनशे वर्षं झाली, राज्यं बदलली. लिलाव आणि बोली मात्र तशीच आहे.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं : जागेचे पैसे घेणं चूक नाही, पण ते ज्या रीतीनं वसूल होतात त्यात सगळी मेख आहे. आता थोडं दूर जाऊन येऊ, कारण गाड्यांच्या पार्किंगला घड्याळ लावायची सुरुवात जिथं झाली तिथं हाच घोळ झाला होता.

ओक्लाहोमातलं घड्याळ

अमेरिकेत ओक्लाहोमा नावाचं राज्य आहे, त्याच नावाचं शहर. १९३० च्या दशकात तिथं मोटारी इतक्या वाढल्या की भर बाजारात गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा मिळेना. दुकानदार ओरडू लागले. मग पाहणी झाली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्या कोणाच्या? त्या निघाल्या बाजारातच काम करणाऱ्यांच्या, दुकानांतल्या आणि ऑफिसांतल्या नोकरदारांच्या. कामावर आले, गाडी लावली, संध्याकाळी काढली. गिऱ्हाईक फिरून फिरून निघून जायचं.

तिथल्या व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीवर कार्ल मॅगी नावाचे गृहस्थ होते. पेशानं वर्तमानपत्रवाले. नाणं टाकलं की ठरावीक वेळ मोजणारं यंत्र रस्त्याच्या कडेला बसवायची कल्पना त्यांनी पुढं रेटली. तिथल्या कॉलेजातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक आणि विद्यार्थी मदतीला घेऊन यंत्र तयार झालं. १६ जुलै १९३५ ला पहिलं पार्किंग मीटर बसलं. दर होता तासाला एक निकेल, म्हणजे पाच सेंट.

लोक चिडले. रस्ता आमच्या करातून झाला, आता त्यावर उभं राहायचे वेगळे पैसे कशाचे? दुकानदारांतही धाकधूक होती की गिऱ्हाईक तुटेल. पण झालं उलटं. मीटर आधी रस्त्याच्या एका बाजूला बसवले. त्या बाजूला जागा मोकळ्या होऊ लागल्या, गिऱ्हाईक थांबू लागलं. काही दिवसांतच दुसऱ्या बाजूचे दुकानदार म्हणू लागले, आमच्याकडंही बसवा.

ही गोष्ट मीटरची बाजू घेणारे फार खुशीत सांगतात. मला त्यातला दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा वाटतो. मीटर बसला कोणाला हटवायला? कामगारालाच. दुकानदाराचं भलं झालं, गिऱ्हाइकाचं झालं, पालिकेच्या गल्ल्यात पैसे आले. ज्याची गाडी हटवली तो नोकर कुठं गेला? तो लांब गाडी लावून पायी यायला लागला असेल, नाहीतर रोजची नाणी मोजत राहिला असेल. त्याचं कोणी विचारलं नाही. जगातलं पहिलं मीटर लागलं तेव्हापासून हा प्रश्न तसाच लटकलेला आहे, आणि दवाखान्यातल्या त्या सफाईवाल्या बाईची स्कूटी पानठेल्याजवळ उभी आहे ती त्याच्यामुळंच.

मुंबई, पुणे आणि कोल्हापूर

आपल्या राज्यात काय झालं ते थोडक्यात.

मुंबईत जागा सोन्याच्या भावाची. २००८ मध्ये एक योजना आली : बिल्डरनं सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला द्यावा, बदल्यात त्याला जास्तीचं बांधकाम करू द्यावं. मजल्यावर मजले उभे राहिले. बिल्डरला त्याचं मिळालं. पण बरेच वाहनतळ रिकामे राहिले, कारण खालच्या रस्त्यावर गाडी फुकट उभी करता येत असताना वर कोण नेणार? मग ७ जुलै २०१९ पासून पालिकेनं वाहनतळांच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर दंड ठोकायला सुरुवात केली. दंड किती? ५,००० रुपयांपासून २३,००० रुपयांपर्यंत, गाडीच्या प्रकाराप्रमाणे. जुन्या मोटारसायकलची किंमत जेवढी, जवळपास तेवढा दंड. आधी दहा वर्षं मोकळं सोडायचं आणि मग एका दिवसात मान धरायची, ही आपल्याकडची जुनी रीत.

त्याच मुंबईत एक चांगली गोष्टही झाली. पे अँड पार्कच्या ठेक्यांत महिला बचत गटांसाठी वाटा राखून ठेवायचं धोरण पालिकेनं आणलं. सगळीकडं ते नीट चाललं असं म्हणणार नाही, मागून दुसराच कोणी धंदा चालवतो अशा तक्रारीही झाल्या. पण जागेचा पैसा बड्या ठेकेदाराकडंच गेला पाहिजे असं काही नाही, एवढं त्यातून दिसलं.

पुण्यात २०१८ च्या मार्चमध्ये पार्किंग धोरण महापालिकेच्या सभेत आलं. शहरभर रस्त्यांची वर्गवारी करून पैसे घ्यायचा प्रस्ताव होता. एवढा गदारोळ झाला की शेवटी पाच रस्त्यांवर प्रयोग करायचं ठरलं, आणि तेही पुढं बरीच वर्षं कागदावरच राहिलं. का झालं असं? लोकांना भरवसा नव्हता. एसटी-पीएमटी धड नाही, फुटपाथ नाही, आणि पैसे मात्र आधी द्या.

कोल्हापूरचं तर तुम्हाला आठवतच असेल. ते पार्किंग नव्हतं, शहरातल्या रस्त्यांचा टोल होता. पण प्रश्न तोच : आपल्याच गावात गाडी आणायचे पैसे का? एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसं रस्त्यावर उतरली, गाव त्यांच्या मागं आलं, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला तो टोल बंद करायची घोषणा करावी लागली. कोल्हापूरकर फुकटे नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की खर्च किती झाला, काम कसं झालं, वसुली किती वर्षं, याचा हिशोब आमच्यासमोर मांडा.

या तिन्ही ठिकाणांमागं एक मोठं कारण आहे, ते लक्षात ठेवा. पूर्वी शहरांची कमाई जकातीवर चालायची. नाक्यावर गाडी अडवायची, मालाचे पैसे घ्यायचे. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांत तिच्या जागी एलबीटी आला, तोही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. आता स्थानिक संस्थांच्या हातात स्वतःची कमाई करायला फार थोडं उरलं. घरपट्टी वाढवली तर मतदार रागावतो. मग नजर जाते कुठं? जागेवर. बाजाराच्या जागेवर, पार्किंगच्या जागेवर, होर्डिंगच्या जागेवर. हे फक्त मोठ्या शहरांपुरतं राहणार नाही, छोट्या गावांपर्यंत येईल.

पैसे परत बाजारात गेले तर

पैसे घेऊनही लोक खूश राहिले असं कुठं झालं का? झालं. अमेरिकेतच पासाडेना नावाच्या शहराचा जुना बाजार मोडकळीला आला होता. तिथंही कामगार दुकानांसमोरच गाड्या लावायचे, पोलीस येतील म्हणून दर दोन तासांनी जागा बदलायचे. पालिकेला मीटर बसवायचे होते, दुकानदार म्हणत होते गिऱ्हाईक मरेल. शेवटी तोड निघाली : मीटरचे पैसे याच बाजारावर खर्च होतील. १९९३ मध्ये मीटर लागले. त्या पैशातून फुटपाथ झाले, दिवे लागले, झाडं लागली, गल्ल्या साफ झाल्या. बाजार उठला. गाडी लावणाऱ्याला आपले पैसे डोळ्यासमोर दिसू लागले.

डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. २००५ मध्ये त्यांचं फुकट पार्किंगच्या खऱ्या किमतीवरचं जाडजूड पुस्तक आलं. २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : पार्किंग फुकट असतं असं आपल्याला वाटतं, पण त्याचे पैसे कोणीतरी देतच असतो, आणि बहुतेक वेळा तो ज्याच्याकडं गाडीच नाही असा माणूस असतो. भाव असा ठेवा की रस्त्यावर एखाददुसरी जागा कायम मोकळी राहील, आणि आलेले पैसे त्याच रस्त्यावर खर्च करा.

कॅलिफोर्नियात १९९२ मध्ये एक कायदा झाला, त्यामागंही शूप यांचाच विचार होता. मोठी कंपनी कामगारासाठी भाड्यानं पार्किंग घेत असेल, तर जो कामगार गाडी आणत नाही त्याला तेवढे रोख पैसे द्यायचे. म्हणजे साहेबाच्या कारला फुकट जागा आणि बसनं येणाऱ्याला काहीच नाही, हा अन्याय थोडा तरी कमी झाला. ओक्लाहोमाच्या मीटरनंतर ५७ वर्षांनी का होईना, कोणीतरी कामगाराचा विचार केला.

आता चंद्रपूर, आणि मग आपण

चंद्रपूरला गेलात की जटपुरा गेट बघताच तुम्ही. गोंड राजांच्या वेळचा परकोट, त्याचे जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार मोठे दरवाजे. हत्ती-घोड्यांसाठी, बंड्यांसाठी बांधलेल्या दरवाजातून आज कार, ऑटो, बस जायला बघतात. जटपुरा गेट ते गांधी चौक हा भर बाजार. तिथं रस्ता रुंद करता येत नाही, परकोट पाडता येत नाही आणि पाडूही नये. मग गाड्या लावायच्या कुठं? तिथल्या दुकानदाराला गिऱ्हाईक पाहिजे, दुकानातल्या पोराला गाडी ठेवायला जागा पाहिजे, गाडीवर केळी विकणाऱ्याला उभं राहायचं आहे. तिघंही आपापल्या जागी बरोबर, आणि रस्ता तेवढाच. जुन्या गावांची ही अडचण असते. गाव आधी होऊन गेलं, गाड्या मागून आल्या.

मुलचेऱ्याचं तसं नाही. आपलं गाव मोठं व्हायला आत्ताशी लागलं आहे. २०१५ मध्ये जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या, त्यात आपणही होतो. म्हणजे १९५८ चा कायदा जाऊन १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा लागू झाला. बाजाराच्या जागेचं भाडं आणि फी घ्यायची सोय त्यातही आहे. शिवाय २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात लिहिलंय की शहर विक्रेता समिती करायची, तिच्यात कमीत कमी ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधले घ्यायचे, त्यातही एक तृतीयांश बाया. पाहणी होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला उठवायचं नाही. अंबाडी विकणाऱ्या बाईला तो आपल्यासाठी आहे हे सांगितलं कोणी?

आणि एक मोठी गाडी विसरू नका. २०२१ पासून सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्यानं धावतात. आपला लगामचा पट्टा त्याच रस्त्यावर. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या ट्रकनं किती जागा खाल्ली, किती वेळ, याची चिठ्ठी कोणी फाडत नाही. दोन हात जागेत टोपली ठेवून बसलेल्या बाईची मात्र फाडली जाते. जागेचे पैसे घ्यायचेच असतील तर जागा जास्त खाणाऱ्यापासून सुरुवात करा की राव!

थोडं आपल्यालाही ऐकून घ्यावं लागेल. दुकानदार भावांनो, रागावू नका. तुमच्या दुकानासमोर सकाळपासून रात्रीपर्यंत कोणाची गाडी उभी असते? बहुतेक वेळा तुमचीच, नाहीतर तुमच्या पोराची. बाजाराच्या दिवशी दहा गावची माणसं येतात, गाडी लावायला जागा मिळत नाही, मग ती रस्त्यातच लावून जातात आणि आपण म्हणतो लोकांना अक्कल नाही. १९३५ मध्ये ओक्लाहोमात जे दिसलं ते आपल्याच चौकात दिसेल, जरा उभं राहून मोजा.

मग करायचं काय?

माझ्या मते नगरपंचायतीनं पार्किंगचा ठेका काढायच्या आधी, म्हणजे आत्ताच, एवढं ठरवून घ्यावं.

१. बाजाराच्या दिवसासाठी गाड्यांची वेगळी जागा आखून ठेवावी, आज मोकळी जागा आहे तोवर. उद्या तिथं गाळे उभे राहिले की मग भिंतीवर 'नो पार्किंग' लिहून काही होत नाही.

२. दुकानात, ऑफिसात, दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या गाड्यांना बाजारापासून थोडी दूर पण राखण असलेली जागा द्यावी. पैसे घ्यायचेच तर महिन्याचा अगदी कमी पास. दर फेरीला पावती हा प्रकार नकोच. पेशंटच्या नातेवाइकाला तर अजिबात नको.

३. चिठ्ठीचा दर मोठ्या अक्षरात फलकावर लावावा. मराठीत आणि बंगालीतही. टोपलीवालीचा दर वेगळा, पिकअपवाल्याचा वेगळा, उभ्या ट्रकचा वेगळा.

४. वसुलीचे पैसे किती आले आणि कुठं गेले, हे दर वर्षी बाजारातच लिहून लावावं. त्या पैशातून आधी तिथलंच काम व्हावं : प्यायचं पाणी, बायांसाठी स्वच्छतागृह, पावसात बसायला शेड. दिवसभर बाजारात बसणाऱ्या बायांना विचारा, त्या काय मागतील. त्या पैसे कमी करा म्हणणार नाहीत, आधी मुतारी द्या म्हणतील.

५. लिलाव काढायचाच तर बचत गटांना पहिली संधी द्यावी, आणि जादा वसुली केली तर ठेका रद्द, ही अट कागदावर असावी.

यात नवीन काही नाही. पासाडेनानं जे केलं, कोल्हापूरकरांनी जे मागितलं आणि आपल्या २०१४ च्या कायद्यात जे लिहिलंय, त्याचीच ही बेरीज आहे.

त्या ४३ पावत्या मी फेकल्या नाहीत. दवाखान्याच्या फाईलमध्येच ठेवल्या आहेत. एकीवरही लिहिलेलं नाही की त्या दहा रुपयांचं काय झालं. आपल्या बाजाराच्या चिठ्ठीवर तरी ते लिहिलेलं असावं, एवढंच मागणं.

तुमच्या गावच्या बाजारात चिठ्ठी कितीची आहे, फलक लागला आहे का, आणि पैशातून काय काम झालं, ते खाली लिहा. कोणाचं नाव घेऊन शिव्या नका देऊ, फक्त माहिती द्या. पाच-पन्नास गावांची माहिती जमली तर तिचा एक कागद करू आणि आपल्या नगरसेवकांच्या हातात देऊ. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर का नाही ते सांगा. दोन्ही चालतं.

जोहार!